गोव्यात घर बांधताना: एक खोली घट्ट बंद, बाकी घर वाऱ्यावर

घर बांधायचं ठरलं की हल्ली पहिले पंधरा दिवस व्हिडिओ बघण्यात जातात. आमचेही गेले. कॅनडात, जर्मनीत हवाबंद घरं कशी उभी करतात, भिंतीत वीतभर जाड इन्सुलेशन कसं भरतात, आतून प्लास्टिकचा पडदा कसा ताणून बसवतात, सगळं पाहून झालं. फोंडा तालुक्यात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींचं नऊशे चौरस फुटांचं घर बांधणाऱ्याने त्यातलं काय उचलायचं, तेवढं मात्र कळलं नाही. ते कळलं दीड वर्षानंतर, दोन चुका आणि बुरशी आलेलं एक कपाट पदरात पडल्यावर.

मूळ हिशेब असा. तिकडे हिवाळ्यात आत २० अंश, बाहेर उणे १०. तीस अंशांचा फरक. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ३३ आणि एसीच्या खोलीत २६. सात अंश. तेव्हा भिंतींवर त्यांच्यासारखा खर्च आपल्याला परवडतही नाही आणि लागतही नाही. आपली गाठ ऊन, दमट हवा आणि तिरका पाऊस या तिघांशी. म्हणून झोपायची एक खोली, फार तर दोन, घट्ट बंद करायच्या आणि बाकीचं घर अक्षरशः वाऱ्यावर सोडायचं. सगळं घर हवाबंद केलंत तर एसीही सगळ्या घराला लागेल, आणि पावसात वीज गेली (ती जातेच) की आत बसवणार नाही.

नकाशाच्या आधी

सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला), नगर नियोजन खात्याची मान्यता, पंचायतीचा परवाना या कागदांची रांग लागण्याआधी प्लॉटवर दोनदा जाऊन या. एकदा मे महिन्यात दुपारी तीन वाजता, एकदा जुलैत पाऊस झोडपत असताना. दोन्ही वेळा अपराधी एकच दिशा निघते: पश्चिम. दुपारचं तिरपं ऊन तिकडून, मान्सूनची झड पश्चिम-नैर्ऋत्येकडून, आणि दुपारचा खारा वाराही तिकडूनच. ऊन आणि झड अडवायची, वारा मात्र घ्यायचा, ही सगळी कसरत त्या एका बाजूला करावी लागते.

म्हणून पश्चिमेला जिना, न्हाणी, कोठीची खोली आणि शक्य असेल तर पडवी. झोपायच्या खोल्या पूर्वेला किंवा उत्तरेला. स्वयंपाकघर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे पूर्व-आग्नेयेला. नाहीतर सुक्या बांगड्यांचा वास रोज सगळ्या घराला. वास्तुशास्त्रवाल्यांनीही आम्हाला आग्नेयच सांगितली, त्यामुळे निदान त्या विषयावर घरात वाद झाला नाही. पश्चिमेला जुना फणस असेल तर तो तोडू नका, घर थोडं सरकवा. तेवढी सावली विकत घ्यायला गेलात तर मिळत नाही.

वारा खेळायला प्रत्येक खोलीत समोरासमोर किंवा निदान दोन वेगळ्या भिंतींत उघडण्या हव्यात. वारा आत येतो ती खिडकी आणि बाहेर जातो ती, दोन्ही साधारण सारख्या. बाहेर जाणारी थोडी मोठी असली तर आणखी बरं. खिडकीचा उंबरठा पलंगाच्या उंचीला ठेवा, वारा अंगावरून जाईल. नेहमीची तीन-साडेतीन फुटांवरची खिडकी निजलेल्या माणसाच्या डोक्यावरून वारा नेते. डासांच्या जाळीने वारा बराच कमी होतो, हे धरून खिडकी एक माप मोठीच काढा.

छप्पर: पहिले पैसे इथे

गोवा साडेपंधरा अक्षांशाच्या आसपास आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्यापूर्वी मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. मधल्या काळात किंचित उत्तरेला. ऐन उकाड्यात भिंतींपेक्षा छप्परच भाजून निघतं. उघडा काळपट स्लॅब दुपारी साठ अंशांच्या आसपास तापतो आणि ती उष्णता रात्री नऊ-दहाला, नेमकी आपण आडवे झाल्यावर, खाली उतरते.

केंद्र सरकारच्या इको-निवास संहितेत (घरांसाठीचे ऊर्जाबचतीचे नियम, २०१८) छपराचं यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त नसावं असं म्हटलं आहे. यू-मूल्य म्हणजे एका चौरस मीटरमधून, दर अंश फरकाला, किती वॅट उष्णता आत येते त्याचं माप. सहा इंची नुसत्या स्लॅबचं ते साधारण ३.३ येतं. वर २५ मिलिमीटर एक्सपीएसचा (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचा) थर घातला तर ०.९ च्या आसपास उतरतं. म्हणजे एक इंच पुरतो. आर्किटेक्टने तीन इंच लिहिला असेल तर मे आणि जानेवारीचा हिशेब मागा.

गोव्यात उतरत्या स्लॅबवर मंगळुरी कौलं सिमेंटमध्ये डकवून टाकायची पद्धत पडली आहे. दिसायला छान. पण कौल आणि स्लॅब मिळून एकच दगड होतो. वारा जायला जागा नाही, आणि कौलाखाली पाणी शिरलं तर ते तिथेच मुरतं. कौलं घालायचीच तर लोखंडी रिपांवर, स्लॅबपासून चार-सहा इंच वर घाला. वळचणीकडून हवा आत आणि आढ्याकडून बाहेर जाईल अशी वाट ठेवा, तिला जाळी लावा, नाहीतर वटवाघळं भाडं न देता राहतात. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पडणारा पाऊस कौलांवरून ओघळतो, ऊन कौलं खातात, स्लॅब सावलीत राहतो. मग इन्सुलेशन नाही घातलं तरी चालण्यासारखं असतं. कौलांचे पैसे यंदा नसतील तर स्लॅबवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करा, आणि तेही जमत नसेल तर दरवर्षी मार्चमध्ये चुन्याचे दोन हात. घरातला सगळ्यात स्वस्त गारवा तोच.

वळचण भिंतीबाहेर निदान अडीच-तीन फूट यायला हवी. ठेकेदार दोन फुटांवर थांबायला बघतो.

भिंती

चिरा की एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांचा हलका काँक्रीट ठोकळा)? चिरा जवळच्या खाणीतून येतो, गवंड्याच्या हाताखालचा आहे, आणि सावलीत असेल तर उत्तम. उन्हात असेल तर दिवसभर तापून रात्री परत देतो. एएसी ब्लॉक हलका, उष्णता बरीच कमी नेणारा. पण पाणी शोषतो आणि काँक्रीटच्या खांबा-तुळईला भिडतो तिथे हमखास चीर जाते. आम्ही मधला मार्ग घेतला: तळमजला चिऱ्याचा, पश्चिमेची वरची भिंत एएसीची. जिथे दोन वेगळी मटेरियल भेटतात तिथे प्लास्टरखाली जाळी मारून घ्या. चीर म्हणजे पाणी, आणि चीर म्हणजे हवाही.

चिऱ्याच्या बांधकामात खरी हवागळती असते उभ्या सांध्यांत. गवंडी कडेला मालाची रेघ ओढतो, मधला भाग पोकळ. बाहेरून सुबक, आतून चाळण. रचताना उभे राहा आणि उभे सांधे भरून घ्या. एकदा प्लास्टर झालं की काही दिसत नाही. बिनप्लास्टरचा उघडा चिरा फोटोत सुरेख दिसतो. पूर्वेला, पडवीच्या आत ठेवा. नैर्ऋत्येच्या भिंतीवर ठेवलात तर आषाढात आतल्या बाजूला नकाशे उमटतील.

खिडक्या, आणि माझी पहिली चूक

मी झोपायच्या खोलीला दुहेरी काच घेतली. हिशेब नंतर केला. दीड चौरस मीटरची खिडकी, आतबाहेर ८ अंशांचा फरक: साध्या काचेतून सुमारे ७० वॅट उष्णता येते, दुहेरीतून ३५. वाचले ३५ वॅट, कमी वीज खाणाऱ्या एका पंख्याएवढे. त्याच खिडकीवर पश्चिमेचं ऊन थेट आलं तर सातशे वॅट आत येतात, काच दुहेरी असो की एकेरी, फार फरक पडत नाही. म्हणजे काचेपेक्षा छज्जा, बांबूची चटई, बाहेरून बंद होणारी लाकडी झडप, यांत पैसे घाला. सावली बाहेरून हवी. आतला पडदा ऊन खोलीत आल्यावर त्याला अडवतो. जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या होत्या, त्या उजेड गाळून आत सोडत आणि डोळ्यांना भाजत नसत.

प्रकार निवडताना एकच बघा. सरकती खिडकी रुळांमुळे कधीच घट्ट बसत नाही. एसीच्या खोलीला बिजागरीची, ईपीडीएम रबराची गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) असलेली, दोन ठिकाणी आवळून बंद होणारी खिडकी घ्या. यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची) परवडली तर बरं, नाहीतर अॅल्युमिनियमचीही मिळते. बाकी घरात साध्या सागवानी किंवा सरकत्या खिडक्या, खुशाल.

ती एक खोली घट्ट कशी करायची

बारा बाय बाराची, दहा फूट उंच खोली धरू: सुमारे ४१ घनमीटर हवा. फटींतून तासाला १०० घनमीटर बाहेरची हवा आत येत असेल, आणि सैल खोलीत ती सहज येते, तर मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला त्या हवेबरोबर तासाला जवळपास सव्वा लिटर जास्तीचं पाणी येतं. एसीला ते पाणी थेंबथेंब काढावं लागतं. नुसतं त्यातच साडेआठशे वॅट थंडावा खर्ची पडतो, एक टनाच्या यंत्राचा चौथा हिस्सा. एसीच्या नळीतून बादली भरते म्हणून लोक खूश होतात. त्यातलं बरंचसं पाणी फटींतून आलेलं असतं.

फटी कुठे असतात, माझ्या अनुभवाच्या क्रमाने:

दाराखाली. फट १५ मिलिमीटर, दार तीन फूट. मिळून १३५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. भिंतीला पंजाएवढं भोक पाडल्यासारखं. दार बंद झालं की आपोआप खाली उतरणारी रबरी पट्टी मिळते, ती बसवा, आणि चौकटीच्या खाचेत गॅस्केट.

फॉल सीलिंगच्या वर. आमच्या मेस्ताने (मिस्त्रीने) प्लास्टर सीलिंगच्या रेषेपर्यंत आणून थांबवलं होतं. वर चिरा उघडा, सांधे उघडे. विचारलं तर म्हणाला, "बाई, थंय कोण पळयता?" कोणी बघत नाही, हे खरंच. पण वारा बघतो. प्लास्टर स्लॅबला टेकेपर्यंत, खिडकीच्या बगला, माळ्याच्या मागची भिंत, स्विचबोर्डाच्या पेटीची मागची बाजू, सगळीकडे एकसंध हवं. हवाबंदपणाचा सगळ्यात स्वस्त थर म्हणजे साधं सिमेंटचं प्लास्टर, फक्त सलग.

वायरिंगच्या पाइपा. स्विचबोर्डातून निघालेली पाइप स्लॅबमधून फिरत गच्चीवर किंवा मुख्य बोर्डाकडे जाते आणि दोन्ही तोंडं उघडी. वायर ओढून झाल्यावर वायरमनकडून पेटीतलं प्रत्येक तोंड वीज न वाहणाऱ्या पुट्टीने बुजवून घ्या. खूण सोपी आहे: जिथून मुंग्या येतात तिथून हवाही येते.

एसीच्या नळीचं भोक. ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि दोन्ही तोंडांना पुट्टी भरा. पाण्याच्या नळीला यू आकाराचं वळण ठेवा. खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट पीयू फोमने भरा, वाळल्यावर कापून वरून सीलंट, कारण उघडा फोम उन्हात पिठासारखा होतो. खोलीला लागून न्हाणी असेल तर तिचं दार या खोलीच्या हद्दीवरचं धरा, त्यालाही गॅस्केट. न्हाणीच्या काचपट्ट्यांच्या झडपेतून बाहेरची हवा येतच असते.

परदेशी मार्गदर्शनातलं एक मात्र उलटं करा. तिथे प्लास्टिकचा पडदा भिंतीच्या आतून लावतात, कारण वाफ उबदार घरातून बाहेर जाते. आपल्याकडे वाफ बाहेरून गार खोलीकडे येते. आतून प्लास्टिक, व्हिनाइल वॉलपेपर किंवा ऑइल पेंट असला की ती त्याच्या मागे अडकते. माझी दुसरी चूक हीच. बाहेरच्या भिंतीला आतून ऑइल पेंट मारला आणि त्यालाच टेकवून कपाट केलं. पहिल्याच चवथीला (गणेशचतुर्थीला) रेशमी साडी काढायला गेले तर कपाटाच्या पाठीला हिरवट मखमल. पाणी बाहेर अडवा: बाहेरून चांगलं प्लास्टर आणि पाणी न घेणारा रंग; आतून साधा, श्वास घेणारा. कपाट आतल्या भिंतीला, आणि बाहेरच्या भिंतीला ठेवावंच लागलं तर दोन-तीन इंच सोडून.

रंगाआधी चाचणी करा. त्याची खरी यंत्रं असतात, दारात मोठा पंखा बसवून ५० पास्कल दाबाला मोजतात. आपण गरिबाघरची करायची. प्लायवूडच्या फळीत साधा एक्झॉस्ट पंखा बसवून ती दारात उभी करा, कडा टेपने चिकटवा, पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा. खिडक्या बंद. मग अगरबत्ती पेटवून प्रत्येक कड, प्रत्येक स्विचबोर्ड, प्रत्येक कोपरा फिरा. धूर सरळ वर गेला तर ठीक; आडवा वाकला की तिथे पेन्सिलने फुली. आमच्या खोलीत सतरा फुल्या झाल्या, त्यातल्या पाच एकाच स्विचबोर्डाभोवती.

ताजी हवा, ठरवून

घट्ट खोलीत दोन माणसं झोपली की कार्बन डायऑक्साइड तासाला साधारण ६०० भागांनी (दहा लाखांत) वाढतो. साडेचारशेपासून सुरू होऊन तीन तासांत दोन हजारांच्या वर. सकाळी डोकं जड होतं ते बहुधा यामुळे. दोघांसाठी तासाला ३० घनमीटर बाहेरची हवा दिली तर तो बाराशे-तेराशेच्या आसपास थांबतो. चार इंची छोटा पंखा, तोंडाला धुता येईल असा फिल्टर आणि जाळी, वेग कमी केलेला. हवा आत ढकलणारा पंखा घ्या. एक्झॉस्टने ओढलीत तर खोली प्रत्येक फटीतून आणि भिंतीतून दमट हवा शोषत राहते. पंख्याचं तोंड एसीच्या वरच्या अंगाला ठेवलं तर आलेली हवा आधी एसीत सुकते.

हे सगळं फक्त झोपायच्या खोलीपुरतं. स्वयंपाकघर कधीही घट्ट बंद करायचं नाही, आणि गॅसचा गीझर बंद न्हाणीत तर मुळीच नाही. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो.

पहिला पावसाळा

नव्या घराच्या प्लास्टरमध्ये आणि काँक्रीटमध्ये खूप पाणी असतं. बांधकाम दसऱ्यानंतर काढून छप्पर मे महिन्याच्या आत झाकलं जाईल असं बसवा, आणि सीलिंग, कपाटं, रंग यांना शक्य असेल तर एक उन्हाळा कोरडा मिळू द्या. ओलं घर बंद करून एसी लावणं म्हणजे बुरशीला पाहुणचार.

पावसात बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते तेव्हा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. एसी २० वर लावलात तर भिंती त्याच्या खाली जातात. मग खिडकी उघडताक्षणी त्यांना घाम फुटतो. २६ वर ठेवा, पंखा चालू ठेवा, आणि नुसती दमट रात्र असेल तर ड्राय मोड. बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या) म्हणण्यानुसार दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते, ती वेगळीच.

यंत्रं शेवटी

घर नीट झालं की यंत्रं लहान लागतात. आमच्या खोलीला एक टनाचा पाच तारांकित इन्व्हर्टर एसी पुरला. दुकानदार दीड टन खपवत होता. मोठा एसी खोली पटकन गार करून मंदावतो आणि हवा दमटच राहते. बाकी घराला बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे: ७५ वॅटच्या जागी ३० वॅट. पाच पंखे रोज बारा तास म्हणजे दिवसाला २.७ युनिट, महिन्याला ऐंशीच्या आसपास वाचतात. पाणी तापवायला आपल्याकडे फार लागत नाही, टाकीतलं आधीच कोमट असतं.

सौर पॅनेल पहिल्या वर्षी नाही घेतली तरी चालतील. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. किलोवॅटला दिवसाकाठी सरासरी चार युनिट धरा, पावसात कमी. पण गच्चीपासून मीटरपर्यंतची रिकामी पाइप स्लॅब भरतानाच टाकून ठेवा आणि दोन्ही तोंडं बुजवा. आम्ही विसरलो. आता भिंत फोडायची तर पुन्हा भोक, पुन्हा पुट्टी, पुन्हा अगरबत्ती.